पाहुण्याचं पान

एका राज्यात रोज भर दुपारी एक आवाज होत असे. थप्प. थोडं थांबून पुन्हा थप्प. नगराच्या तटावरून भरल्या पत्रावळी पलीकडे पडत, त्यांचा तो आवाज. तुळाजीने तो लहानपणी आईच्या पाठीला टेकून ऐकला होता, आणि मिशी फुटल्यावरही तो ऐकत आला होता.

रीतच तशी होती. घरात जितकी माणसं, त्याहून एक पान जास्त मांडायचं. ते पाहुण्याचं पान. पाहुणा येवो न येवो, त्यावर भात, वरण, भाजी, सगळं वाढायचं. घरच्यांनी त्याला शिवायचं नाही. जेवणं उरकली की ते उचलून तटापलीकडे टाकून द्यायचं. ज्याचं टाकलेलं पान भरगच्च, ते घर थोर.

एके दिवशी खरंच एक पाहुणा आला. पायाला धूळ, खांद्यावर घोंगडी. तो दारोदार फिरला. प्रत्येक दारात त्याला हेच ऐकायला मिळालं, की पान आत्ताच टाकलं, उद्या जरा लवकर या. मग तो तटापलीकडे गेला, कुत्र्यांच्या पंगतीला बसला आणि पोटभर जेवला. तो मांत्रिक होता. हात झाडून तो म्हणाला, "ज्याच्या नावाने वाढलंत त्याला दिलं नाहीत. आता तुम्ही टाकलेलं मातीही घेणार नाही."

त्या दिवसापासून त्या राज्यात काही कुजेना. टाकलेला भात मातीला लागताच खड्यासारखा कडक होई. गळलेली पानं झाडाखाली तशीच पडून राहत. मातीच्या पोटात काही जाईना, म्हणून मातीतून काही वर येईना. शेतं चुन्यासारखी पांढरी पडली. तटापलीकडे शितांचा डोंगर झाला. उन्हात तो हिऱ्यांच्या राशीसारखा झळके, आणि त्यातलं एक शीतही कुणाच्या दाताने फुटत नसे. परराज्यातून बैलांवर लादून आणलेलं धान्य मापाने वाटलं जाई. बारा वर्षं अशी गेली. एवढं होऊनही घराघरांत पाहुण्याचं पान मांडलं जाई, अर्धी भाकरी का होईना वाढली जाई आणि टाकली जाई. रीत मोडली तर आणखी कोप होईल, अशी भीती होती.

तुळाजीचा धंदा खताचा. गाढवावर पाट्या लादून घरोघरची सालपटं, देठं गोळा करायची, खड्ड्यात कुजवायची आणि माळ्यांना द्यायची. पाहुण्याच्या पानाला हात लावायची मात्र त्यालाही बंदी होती. शापानंतर धंदा बसला. गाढव म्हातारं होऊन मेलं. तिसऱ्या वर्षी त्याची बायको गुणाई तापाने गेली.

पण त्या राज्यात काही जातच नव्हतं. तेराव्या दिवशी दुपारी गुणाई येऊन पाहुण्याच्या पानावर बसली. इतर घरांतही अशी मेलेली माणसं येत. तिथले लोक भिंतीकडे तोंड करून भराभर जेवत. तुळाजीने तसं केलं नाही. तो तिच्यासमोर बसला आणि सावकाश जेवला. ती खात नसे, बोलत नसे. तो पान उचलायला वाकला की ती तिथे नसे. दुसऱ्या दुपारी पुन्हा येई. नऊ वर्षं तो दिवसभर गप्प राही आणि दुपारी तिला सगळं सांगे. आज पायरीचा दगड हलला, आज शेजारच्या धुरपदाने मीठ मागून नेलं, असं.

राजा भद्रसेनाने पंडित बोलावले, होम केले, शाप उतरवेल त्याला सोनं द्यायचं ठरवलं. काही झालं नाही. मग एके सकाळी तुळाजीच्या परसात एक डोमकावळा उतरला आणि माणसासारखा बोलला. शाप उतरायचा तर तीन कामं करावी लागतील, असं त्याने सांगितलं. पहिलं, घरोघरचा केर निवडून आणायचा. मातीतून आलेला वेगळा, भट्टीतून नि मागातून आलेला वेगळा. दुसरं, मातीचा तो वाटा हाताने थर लावून तिला परत द्यायचा. तिसरं, एक दुपार अशी यावी की राज्यात एकही पान टाकलं जाऊ नये.

तुळाजीने विचारलं, "मीच का?"

"कुजवायचं कसं हे तुझ्याच हातांना ठाऊक आहे. पण एक सांगून ठेवतो. माती तोंड उघडेल तेव्हा अडलेलं सगळं जाईल. तुझ्या घरात येणारंही जाईल."

तुळाजी म्हणाला, "मग दुसरा कुणी बघ."

कावळा उडाला नाही. तुळाजी दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी पाण्याला निघाला, तर तटापाशी धुरपदाची सून दिसली. तान्हं मूल पाठीला बांधून ती तीन दगडांच्या चुलीवर काही उकळत होती. तुळाजीने वाकून पाहिलं. मडक्यात डोंगरावरची दगडी शितं होती. किती वेळ शिजवतेस, असं त्याने विचारलं. तिने खाली मान घालून सांगितलं, की कालपासून.

तुळाजी घरी आला आणि त्याने माळ्यावरच्या पाट्या खाली काढल्या.

तो दारोदार हिंडू लागला. लोक हसले. धुरपदा उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "काय तुळाजीभावजी, राजाने सोनं द्यायचं ठरवलंय आणि तुम्ही सालपटं मागताय? आमच्याकडे सालीच उरत नाहीत, सालीसकट गिळतो आम्ही."

"जे असेल ते द्या, वहिनी. फक्त एकात एक मिसळू नका."

तिने हसत हसत एक कांद्याचं टरफल दिलं. पण वेगळं दिलं. तिचं पाहून शेजारणीने दिलं. खापरं कुंभाराने कुटून नव्या मातीत मिसळली, चिंध्या बायकांनी गोधड्यांना लावल्या, फुटक्या बांगड्या कासाराच्या भट्टीत गेल्या. नगरात टाकायला काही उरलं नाही, तेव्हा तुळाजीच्या जुन्या खड्ड्याच्या तळाला ओल सुटली. पहिलं काम झालं.

मग त्याने थर लावले. पाला, साली, वर मूठभर शेण, पुन्हा पाला. एकवीस दिवस तो ते हाताने खालीवर करत राहिला. बाविसाव्या दिवशी आत हात घातला, तर बोटांना ऊब लागली. त्याने हात तसाच आत ठेवला. बारा वर्षांनी त्याच्या हाताला काही जिवंत लागत होतं. दुसरं काम झालं.

तिसऱ्यासाठी तुळाजी कावळ्याला घेऊन राजाकडे गेला, आणि राजाने दवंडी पिटवली. तोंडं मोजून रांधा. पाहुणा दारात दिसेल तेव्हा त्याचं पान मांडा. आधीच मांडलं असेल तर घरच्यांनीच ते खा. लोक कचरले. तेव्हा राजाने वाड्याच्या ओसरीवर सगळ्यांसमक्ष पाहुण्याचं पान आपल्यापुढे ओढलं आणि चाटूनपुसून संपवलं. आभाळ कोसळलं नाही. मग घराघरांतली पानं स्वच्छ झाली.

तरी डोंगर हलेना. शितं तशीच झळकत राहिली.

राजाने कावळ्याला विचारलं, कुणाचं पान राहिलं. कावळा उडाला आणि तुळाजीच्या कौलावर जाऊन बसला.

राजा आला तेव्हा तुळाजी जेवायला बसला होता. समोर दुसरं पान होतं. त्यावर नाचणीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती, आणि पानापुढे गुणाई बसली होती. राजाने जोडे दाराबाहेर काढले.

"तुळाजी, मी हुकूम करणार नाही," तो म्हणाला. "दारात थांबतो."

तुळाजीने मान डोलावली. गुणाईला काय काय सांगायचं राहिलंय, ते तो आठवू लागला. बरंच होतं. शेवटी त्याने तिचं पान हळूच आपल्याकडे ओढलं.

"गुणाई, तुझ्या वाटचं आज मी खातो."

भाकरी कोरडी होती. तो एकेक घास चावून खात होता आणि ती पाहत होती. शेवटच्या तुकड्याने त्याने भाजीचं पाणी पुसून घेतलं आणि तोही खाल्ला. पानावर काही उरलं नाही.

तटापलीकडे डोंगर दबकन बसला आणि नगरभर कुजक्या भाताचा वास सुटला. त्या वासाने लोक रस्त्यावर येऊन रडले. पुढे त्या राज्यात माती काळी झाली, पेरलेलं उगवलं, दर आळीला एक खड्डा झाला, आणि दारात आलेला पाहुणा कधी उपाशी परतला नाही. राजाने तुळाजीला मान दिला, जमीन दिली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी तुळाजी पान उचलायला वाकला नाही. तरी गुणाई उठली. तिने पदर सारखा केला आणि उंबरा ओलांडला. राजा बाजूला सरला. तुळाजी दारापर्यंत आला. ती आळीच्या मधून, उन्हातून, घाई न करता चालत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.