मुखाचं दार

"पण बुवा, शिक्षा करणाराच कुणी नसेल तर कायदा पाळेल कोण? मला एवढंच सांगा!"

पराग भामरे तणतणतच आला. पायांत वहाणा नाहीत, गुडघ्यापर्यंत चिखल.

कौतिकबुवा मठाच्या ओट्यावर सुपात वाल निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणता कायदा रे? जगाचा की गावाचा?"

"दोन्ही! सगळे मेले सारखेच लबाड!"

हा पराग बुवांचा शिष्य. मठातच वाढला, शिकला, आणि शिकला तो असा की वकील होऊन हवामानाच्या करारांचा पंडितच झाला! पृथ्वी तापतेय, समुद्र चढतोय. तेव्हा कोणत्या देशाने आपला धूर किती आवरायचा, हे ठरवणाऱ्या परिषदांत त्याच्या शब्दाला वजन. येत्या परिषदेसाठी त्याने एक कलम रचलं होतं. सगळ्या देशांनी धूर एकदमच कमी करावा. शेजारी करत नाही तोवर कुणावरही बंधन नाही. त्यासाठी आशीर्वाद मागायला तो मागच्या आठवड्यात मठात आला होता.

बुवा म्हणाले होते, "आधी आपल्या पाटावर चालवून बघ की."

नदीतून निघालेला पाट मठाच्या शेतापासून सुरू होई आणि पार खाली भिल्लांच्या वस्तीपाशी संपे. शेतागणिक एक दार, पाटाचं पाणी त्या शेतात घेणारं. पाणी कमी पडलं की मुखाचं, म्हणजे सगळ्यात वरचं दार आधी लावायचं, मग त्याच्या खालचं, असा जुना रिवाज. वरच्यांनी एरवी पोटभर घेतलेलं असतं, म्हणून.

परागला हा अन्याय वाटला. नियम कसा सगळ्यांना सारखा हवा! यंदा पावसाने दगा दिलेला. त्याने गाव जमवलं आणि ठरवून दिलं, सूर्य डोक्यावर आला की सगळ्यांनी एकदम दारं लावायची.

"वकीलसाहेब, मानलं हं तुम्हाला!" गाव खूश झालं.

आणि आज...

"एकानेही लावलं नाही, बुवा! जो तो दारापाशी उभा, आणि नजर शेजाऱ्यावर. दगडूआप्पा तर तोंडावर म्हणाला, आधी वरचा लावू दे. तिकडे वस्तीवरची ज्वारी माना टाकतेय. आज पाणी पोचलं नाही तर गेलीच ती. वर्षभर खातील काय ती माणसं?"

कळवळा खराच होता, उगाच खोटं कशाला बोला?

बुवांनी सूप बाजूला सारलं.

"मुखाचं दार कुणाचं?"

"मठाचं."

"तिथे कोण उभं होतं?"

"...मी."

"लावलंस?"

परागच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मी... खालच्यांकडे बघत होतो."

बुवा उठले. सत्तरी उलटलेला माणूस, पण धोतर खोचून सरळ पाटात उतरला. दाराची फळी खाली सोडली आणि ओंजळी भरभरून चिखल घेऊन फटी लिंपू लागला.

"बुवा, अहो आपला भुईमूग ऐन भरात आहे! मठाच्या पंगती कशावर उठवायच्या?"

बुवा लिंपत राहिले.

खालच्या बांधावरून दगडूआप्पा बघत होता. बराच वेळ बघत होता.

"म्हाताऱ्याने लाज काढली रे!" असं म्हणत त्याने आपली फळी धाडकन सोडली. मग त्याच्या खालच्याने. एक हिंमतराव तेवढा कुरकुरत राहिला, पण बायकोने हातातली फळी ओढून घेतली तेव्हा त्याचंही दार लागलं.

ऊन कलतं झालं तसा वस्तीवरून आरडाओरडा ऐकू आला. पाणी पोचलं होतं.

परागच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके देश हिंडलो, इतके विद्वान पाहिले, पण असा माणूस नाही पाहिला, हे त्याला त्या क्षणी अगदी आतून वाटलं. त्याने बुवांच्या चिखलाच्या पायांवर डोकं ठेवलं.

तरी जात्याच वकील तो. राहवलं नाही.

"पण बुवा... तुम्ही लावूनही खालच्या कुणीच लावलं नसतं तर?"

बुवा हात धूत होते.

"तर त्यांच्याशी भांडायला तुला तोंड तरी उरलं असतं."