दादाची जुनी पोर्ट वाइन

खास दिवस आला, हे ओळखायचं कसं? मी पुष्कळांना विचारलं, पण कुणीच सांगितलं नाही.

फार पूर्वी, जनावरं एकमेकांना आहेर करायची तेव्हाची ही गोष्ट. आम्ही दोघे भाऊ उदमांजरं. म्हाताऱ्या हत्तिणीने दादाला चाळीस वर्षं मुरलेली पोर्ट वाइन दिली होती, गोड आणि कडक. दादा म्हणाला, "तुझ्या लग्नात उघडू." पण माझ्यासारख्या उंडग्याला मुलगी कोण देणार? बाटली ढोलीतच पडून राहिली.

मग ओढ्यावर दादाला साप चावला. "आण ती बाटली," तो म्हणाला, "पण हळू. हलवलीस तर तळचा गाळ वर येईल."

मी आणि हळू! ढोलीतून बाटली घेऊन फांद्यांवरून उड्या मारत निघालो. एकदा डोक्यावर आपटलो, पण बाटली वाचली. डोक्यात फुटण्यासारखं काही नव्हतंच. दातांनी बूच उपटून मी बाटली दादाच्या तोंडाला लावली.

"चाळीस वर्षांचा चिखल पाजलास रे गाढवा!" दादा म्हणाला आणि पोट धरून हसला. मीही हसलो. हसता हसता तो गप्प झाला.

त्याच्या मिशांना गाळ लागला होता. तो मी चाटून साफ केला.