तांबड्या मोटारीची नवी ताकद

मोटारी चोक ओढल्याशिवाय जाग्या होत नसत, त्या काळची गोष्ट. घाटातल्या शर्यती गाजवलेली एक तांबडी मोटार उतारवयात यासीन मिस्त्रींच्या गॅरेजात आली. तिचा एकच हट्ट होता. "मिस्त्री, माझी ताकद वाढवा. कालची पोरं मला मागे टाकतात!"

मिस्त्रींनी लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. पेचकस ऐकू लागला. व्हॉल्व्ह धापा टाकत म्हणाले, "काजळीनं जीव गुदमरलाय." खालून ब्रेक ओरडला, "आहे तो वेग आवरतानाच माझे लायनर झिजून गेलेत. आणखी नको रे बाबा!"

पेचकसानं सगळं जसंच्या तसं कानात घातलं. मिस्त्रींनी काजळी खरवडली, कार्बोरेटर धुतला, ब्रेकचे झिजलेले लायनर बदलले. बस्स.

रविवारी तांबडी गुणगुणतच घाट चढली. माथ्यावर नव्या गाड्यांना ऐटीत म्हणाली, "बघितलंत? मिस्त्रींनी दुसरं इंजिन बसवलंय!"

मिस्त्रींच्या हातून सीटवर राहून गेलेला पेचकस खरं सांगायला निघाला, तोच ब्रेकनं त्याला दटावलं, "गप रे! तिचंच लुगडं धुऊन, इस्त्री होऊन आलंय. नवं समजून मिरवतेय, तर मिरवू दे की!"