हौदातला ठोशा

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा मासे-खेकडेसुद्धा चार शब्द बोलत आणि माणसांना ते कळत. आता कळत नाहीत, कारण आता आपणच फार बोलतो. असो.

समुद्राच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात धाकलू तांडेल राहत होता. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, सगळ्या खलाशांचा धनी. धाकलूचा उभा जन्म समुद्रावर गेला, पण त्याने एकही माणूस कधी गमावला नाही. म्हातारपणी मात्र गुडघ्यांनी दगा दिला. मुलं होडी घेऊन निघायची आणि हा ओट्यावर बसून दूर जाणाऱ्या शिडाकडे बघत राहायचा. जेवण कमी झालं, चिडचिड वाढली. त्याच्या बायकोला, चांगुणेला, ते बघवेना.

चांगुणा मोठी खटपटी बाई. समुद्रावर जाता येत नाही ना, मग समुद्र घरात आणू, म्हणाली. तिने पडवीत दगडी हौद बांधून घेतला. फुटक्या जहाजाची जाड काच एका बाजूला बसवली. रोज भरतीचं ताजं पाणी हंड्याने आणून ओतू लागली. मुलांनी पोवळ्याचे जिवंत दगड आणले, रंगीत मासे आणले, गोगलगायी आणल्या, शंखात राहणारा एक लठ्ठ खेकडाही आणला. म्हातारा काचेसमोर जो बसला तो उठेचना.

आता होडीवर एक रीत असते. किनाऱ्याला लागलं की तांडेलाने एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची, कोणी मागे राहिलं नाही ना ते बघायचं. धाकलूने हौदातल्या प्रत्येक जिवाला जुन्या सोबत्यांची नावं दिली आणि रोज संध्याकाळी तशीच हाक मारू लागला. लठ्ठ खेकड्याला नाव मिळालं बुधा. खरा बुधा शेजारीच राहायचा. जन्मभर धाकलूच्या होडीचं सुकाणू त्याच्या हातात होतं. तो रोज ओट्यावर येऊन बसे, आणि दोन बुधांत पोट कोणाचं मोठं, यावर दोन्ही म्हातारे पोट धरून हसत.

एक दिवस मुलांच्या होडीत धाकलूला एक भलामोठा दगड दिसला. जांभळा, भोकाभोकांचा, फार देखणा. चांगुणा म्हणाली, हौद भरलाय, आता पुरे. पण धाकलू रुसला, जेवायला बसेना, तेव्हा कुठे दगड हौदात गेला. म्हातारपणी हट्ट फार वाढतात बाबा.

थोड्याच दिवसांत एक गोगलगाय नाहीशी झाली. मग दुसरी. तळाशी शंखांचे तुकडे दिसू लागले. मग एका माशाने हाकेला ओ दिली नाही. धाकलूच्या घशाखाली घास उतरेना. समुद्रावर कोणी गमावलं नाही, आणि आता स्वतःच्या पडवीत माणसं जातात, असं तो म्हणे. हो, माणसंच म्हणे तो त्यांना.

होडीवर काही हरवलं की खलाशांमध्ये शोधायचं. होडी डुलू नये म्हणून तळाशी दगड भरलेले असतात, त्यांच्यावर कोण संशय घेणार? त्याच सवयीने धाकलूने हौदातल्या खलाशांकडे बघितलं आणि त्याची नजर खेकड्यावर थांबली. जाड नांग्या, सुटलेलं पोट, आणि बसलाही होता नेमका फुटक्या शंखाशेजारी. खेकडा म्हणाला, अरे, मी तर इतरांचं उष्टं खाणारा. धाकलूने ऐकूनही घेतलं नाही. साऱ्या आळीसमोर त्याने सांगून टाकलं की बुधाच चोर आहे, आणि खेकड्याला किनाऱ्यावरच्या खडकांत नेऊन सोडायला लावलं.

खरा बुधा तिथेच ओट्यावर बसला होता. तो हळूच उठला.

"खेकडा गेला, त्याचं काही नाही धाकलू," तो म्हणाला. "पण त्याला नाव माझं दिलंस आणि त्याचं एक वाक्य ऐकलं नाहीस. उद्या माझ्यावर आळ आला, तर माझंही ऐकणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी बुधा आला नाही. त्यानंतरही आला नाही. आणि हौदातली आणखी एक गोगलगाय गेली. आता मात्र धाकलूचं तोंड एवढंसं झालं. चोर सापडला नव्हता आणि जिवाभावाचा मित्र हातचा गेला होता.

एका दुपारी चांगुणा मासळी निवडत बसली होती. हौदातून आवाज आला, टक्. पुन्हा टक्. तिने काचेला कान लावला. आवाज त्या देखण्या दगडातून येत होता. तिने दगड घमेल्यात उचलून घेतला आणि मडक्यातलं गोडं पाणी त्याच्या भोकांत ओतलं. खाऱ्यातल्या जिवाला गोडं पाणी सोसत नाही; ते लागताच आतून एक जीव धडपडत बाहेर पडला.

कोळंबीच्या जातीतला म्हणायचा, पण कोळंबी कुठे आणि हा कुठे! अंग हिरवंगार, डोळे काड्यांवर बसवलेले, एक इकडे बघतोय तर एक तिकडे. छातीशी दोन हात दुमडून घेतलेले. चांगुणेने मडकं जवळ नेलं, तोच त्याने असा ठोसा हाणला की मडक्याचे दोन तुकडे झाले. मडकं फुटल्याच्या आवाजाने जमलेले शेजारी मारा, मारा करू लागले. धाकलूने मुसळ उचललं.

"मार," तो जीव म्हणाला. "पण मी तुझ्या घरी आलो का, ते आधी सांग. मी माझ्या घरात झोपलो होतो. तू माझं घरच उचललंस. जाग आली तर समुद्राला भिंती. भूक लागली, समोर होतं ते खाल्लं. तिथेही हेच खात होतो. तिथे मला कोणी चोर म्हटलं नाही."

धाकलूचा हात वरच्या वर राहिला. चांगुणेने दगडाकडे बघितलं आणि मग नवऱ्याकडे. मग घमेल्यातलं गोडं पाणी ओतून देऊन तिने समुद्राचं पाणी भरलं.

आमचा तांडेल मोठा मायाळू. मुसळ ठेवलं न ठेवलं, तोच त्याने त्या जिवाचं नाव ठेवलं, ठोशा. म्हणाला, याला हाताने भरवू, माया लावू, सुधारेल बिचारा.

"आधी त्या मडक्याला विचारा," चांगुणा म्हणाली.

तेव्हा धाकलूने ठरवलं, आपण आणलं ते आपणच परत नेऊन सोडायचं. मुलं म्हणाली, आम्ही टाकून येतो. त्याने ऐकलं नाही. पण दगड जिथून आणला होता, त्या खडकाळ जागी सुकाणू धरावं असा हात एकच होता. गुडघे गेल्यापासून धाकलू कोणाच्या घरी गेला नव्हता, लोकच त्याच्याकडे येत. त्या दिवशी तो वल्ह्याचा आधार घेत, कण्हत, थांबत बुधाच्या दारात जाऊन उभा राहिला.

"चूक माझी झाली, बुधा. सुकाणू धरायला तू हवास. पण सुकाणूचं काम नसतं, तरी हे सांगायला मी आलोच असतो."

बुधा जाळं विणत होता. हातातली गाठ त्याने पुरी केली. मग विचारलं, "गुडघे फार दुखतायत का रे?"

धाकलू तांडेल दारातच लहान मुलासारखा रडला.

दोघे म्हातारे समुद्रावर गेले. दगड पाण्यात सोडला. ठोशा भोकात शिरला, ना आभार, ना निरोप. दोघे पुष्कळ हसले. परतताना त्यांनी होडी किनाऱ्यावरच्या खडकांना लावली. लठ्ठ खेकडा उन्हात बसला होता. धाकलूने हात जोडले, घरी चल म्हणून विनवलं.

खेकड्याने सगळं ऐकून घेतलं. "राग नाही," तो म्हणाला. "पण तिथे आता मला झोप लागायची नाही." आणि तो हळूहळू खडकाच्या फटीत निघून गेला.

धाकलू बराच वेळ त्या फटीकडे बघत बसला. बुधाने त्याला घाई केली नाही.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, घरात काही बिघडलं तर घरच्यांकडे बोट दाखवण्याआधी, आपण स्वतः काय उचलून आणलं आहे ते बघावं.