जेवायचा हात

आमच्या कचेरीत लहानू नावाचा शिपाई होता. जातीवरून त्याला जिन्याखाली एकट्यानं जेवायला बसवत. त्यानं तक्रार केली, ती फेटाळली गेली, मग बिचाऱ्यानं वर अपील केलं.

सुनावणीला हेडक्लार्क हसून म्हणाले, "साहेब, लहानूभाऊ रोज आमच्यासोबतच जेवतात की." बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

लहानू हळूच म्हणाला, "साहेब, यांना एवढंच विचारा, मी कुठल्या हातानं जेवतो?"

"उजव्या. दुसऱ्या कुठल्या?" हेडक्लार्क म्हणाले.

लहानूनं उजवा हात तोंडाकडं नेला. लहानपणी मोडलेलं कोपर अर्ध्यातच अडलं.

साहेबांनी अपील मंजूर केलं. दुसऱ्या दिवशी लहानू सगळ्यांच्या टेबलावर बसून डाव्या हातानं जेवला. बाकीचे आपापले डबे घेऊन बाहेर गेले होते.