कातळावरचा कांडोळ

देवस्थानवाले पुस्तक काढतायत म्हणून माझ्या मानगुटीवर बसलेत. दुसरी नापास माणसाला कथा लिहायला लावायची आणि शिकलेल्यांनी चहा ढोसायचा. लिहितो. कोणी शुद्धलेखन काढायचं नाही.

पूर्वी कृतयुगात, सातपुड्याच्या दक्षिण अंगाला, जिथं साग, धावडा आणि सालईचं घनदाट अरण्य संपून नुसता तापलेला काळा कातळ उरतो, तिथं महातपस्वी आणि महाक्रोधी अशा धूमकेश ऋषींचा आश्रम होता. आश्रमाचा नेम असा, की अग्नीच्या राखणीला ज्यानं उभं केलं त्यानंच परत येऊन 'सुटलास' म्हणायचं. तोवर राखणदारानं पाऊल उचलायचं नाही.

कांडोल हा त्यांचा थोरला शिष्य. सर्वांगाला यज्ञाची राख फासलेला, अबोल. इंद्राच्या यज्ञाचं आमंत्रण आलं तेव्हा ऋषी त्याला म्हणाले, "वत्सा, अग्नी सांभाळ. हा आलोच."

गेले. स्वर्गात मानपान, स्तुती, सोमरस. कातळावरचा माणूस कोणाच्या ध्यानात राहतो? बाकीचे शिष्य दुसऱ्या आश्रमांत गेले, हरणं पाण्यामागे दरीत उतरली. अग्नी विझू नये म्हणून कांडोलानं उभ्या जागेवरूनच माथ्यावरचं पर्णकुटीचं छप्पर जाळलं, हाताशी आलेले खांब जाळले, शेवटी स्वतःचं आसन जाळलं. पाचोळा वाजला की तो वळून बघायचा. वारा असायचा.

वनदेवीला कळवळा आला. "हे तपोधना, तुझे पाय कातळात रुतले. चल माझ्या दरीत. तिथं सावली आहे, सोबत आहे."

"माते, तुझा शब्द इथं चालत नाही. ज्यांनी उभं केलं ते येतील."

"आणि नाही आले तर?"

कांडोलानं निखाऱ्यावर फुंकर घातली.

युगान्ती ऋषी आले, तेही विसरलेल्या कमंडलूसाठी. पांढराफटक, हाडं निघालेला शिष्य बघून त्यांना लाज वाटली. मोठ्या माणसाला लाज वाटली की तो ओरडतो.

"मूर्खा! इतकं थांबायला तुला सांगितलं कोणी?"

"आपणच, गुरुदेव. अग्नी जिवंत आहे. आता तेवढा सुटकेचा शब्द द्या."

तो शब्द दिला तर चूक कबूल होत होती. जीभ उचलेना. "उभं राहायचीच हौस ना तुला? मग राहा वृक्ष होऊन!"

त्याच क्षणी अग्नी विझला. शाप काही वनदेवीला फिरवता येईना, म्हणून तिनं वर दिला, "जिथं दुसरं झाड तग धरणार नाही, तिथं तू जगशील." तेव्हापासून कांडोलाचं झालेलं हे कांडोळाचं झाड कातळावर एकटं. साल राखेसारखी, कागदासारखी सुटते, आत पुन्हा पांढरीच. उन्हाळ्यात अंगावर पान नाही. जखम झाली की डिंक गळतो.

तिकडून जाताना मी म्हणतो, "सुटलास रे बाबा." काही होत नाही. उभं करणाऱ्यानंच म्हणायला लागतं.

मलाही यात्रेत एकानं देवाच्या घोड्याचा लगाम धरायला दिला होता, "आलोच" म्हणून. यात्रा पांगली, पालं उठली, मी आणि घोडा तिथंच. दुसऱ्या दिवशी उगवला आणि चारचौघांत मलाच येडा म्हणाला. अजून माफीचा शब्द नाही. पुस्तकात त्याचं नाव छापा: रंगनाथ धोंडो वाळिंबे.