शेवटच्या पायरीवरचं लुगडं

तळ्याच्या शेवटच्या पायरीवर घडी घातलेलं लुगडं दिसतंय ना, त्याला हात लावू नका. फोटो काढायचा तर काढा, पण आधी ऐका. बाहेरगावचे लोक सांगत सुटतात, की इथे कुणी सिनेमाची नटी बुडून मेली आणि तिचं भूत कपडे मागतं. कसली नटी नि कसलं काय. तिचा पदरसुद्धा इथे भिजला नव्हता.

जुनी माणसं सांगतात ते असं. गावात ठकुबाई नावाची विधवा धनगरीण होती. झुंबर ही तिची एकुलती एक लेक. एका वर्षी लेकीला दिराच्या घरी ठेवून ठकुबाई मेंढरांमागे कोकणात उतरली आणि इकडे सिनेमावाले आले. त्यांच्या गोष्टीतली सून तळ्यात जीव देणार होती, पण नटीला पाण्याची भीती. झुंबर पट्टीची पोहणारी. मग तिलाच नटीचं हिरवं लुगडं नेसवलं आणि पाठमोरी पाण्यात चालायला लावलं. पोर डोक्यावरून पाणी जाईतो चालत गेली आणि पलीकडे हसत निघाली, म्हणे. ते हसणं काही सिनेमात घेतलं नाही. सिनेमावाले गेले, त्यांच्याच गाडीत झुंबरही गेली. आईला सांगून जायला आई होती कुठे?

ठकुबाई परत आली तेव्हा दीर म्हणाला, "वैनी, पोरगी पळाली." ती वाट बघत राहिली.

पुढच्या जत्रेत तंबूत तोच सिनेमा लागला. ठकुबाईनं जन्मात सिनेमा पाहिलेला नव्हता. पडद्यावर हिरवं लुगडं पाण्याकडे चाललं आणि तिनं चाल ओळखली. लहानपणापासून कोकरं वाहून झुंबरचा डावा खांदा जरा उतरता होता. पाणी डोक्यावरून गेलं. पडद्यावरची माणसं रडू लागली. ठकुबाई उठून ओरडली, "आरं, काढा की तिला कुणीतरी." आधी तंबू हसला, मग गप्प झाला.

तंबूवाला भला माणूस होता. "मावशी, ते खरं नसतं. पोरगी जिवंत असेल तुमची," तो म्हणाला.

"पाण्यात गेलेली बघितली म्या. भायेर आलेली दाव."

ते त्याच्यापाशी नव्हतं. जत्रा उठेपर्यंत ती एकूण एक खेळाला जाऊन बसली. या खेपेला तरी निघेल, असं तिला वाटायचं. दर खेळाला पोर बुडायची.

मग ती रोज इथे येऊन बसू लागली, मांडीवर कोरडं लुगडं घेऊन. लेक निघाली तर गारठेल, म्हणायची. गावानं समजावून पाहिलं आणि शेवटी नाद सोडला. अशी कितीतरी वर्षं गेली. एका थंडीत ती या पायरीवरच गेली. तिला उचलून नेलं, पण लुगडं उचलायला कुणाचा हात धजला नाही.

आणि तो गारठा सरायच्या आत झुंबर आली. शहरात तिनं संसार थाटला होता. न सांगता गेले, आता आई दारात उभं करणार नाही, या धास्तीनं ती आजचं उद्यावर ढकलत राहिली होती. आईला तर राग कधी आलाच नव्हता. चुलत्यानं सगळं सांगितलं. ती तडक तळ्यावर आली. तशीच खाली उतरली, नेसत्या वस्त्रानिशी पाण्यात गेली, डोक्यावरून पाणी गेलं आणि आईच्या पायरीला वर निघाली. तिनं ते लुगडं अंगाभोवती घेतलं. "आई, निघाले बघ भायेर," म्हणाली, म्हणे. जाताना आपल्याजवळचं कोरडं लुगडं ती इथे ठेवून गेली.

आजही ज्या लेकीची आई गेली आहे, ती माहेरी आली की घरी जाण्याआधी या तळ्यात उतरते. पायरीवरचं लुगडं गुंडाळून घेते, स्वतःचं कोरडं पुढचीसाठी ठेवते. पाण्यातून डोकं वर काढलं की आधी ती पायरीकडे बघते. तिथे कुणी बसलेलं नसतं.